काळूची हजेरी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला आणि शाळा म्हटल्यावर मला आधी आठवला तो आमचा कुत्रा काळू. तो शाळेत शिकला नाही, पण हजेरी माझ्यापेक्षा चांगली होती. वाडीतून निघालो की मागोमाग यायचा आणि फाटकाबाहेर चिंचेखाली बसायचा. मधल्या सुट्टीच्या घंटेला नुसता कान हलवायचा, शाळा सुटल्याची लांब घंटा झाली की मात्र उठून अंग झाडायचा. शिपाईमामा त्याला हाकलायचे आणि डब्यातली उरलेली चपातीही तेच टाकायचे.

मी सातवीत असताना, पावसाळ्यात, केळीच्या वाडीत त्याला घोणस चावली. पहाटेपर्यंत संपला. वडिलांनी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठी खड्डा खणला, मी गोणपाटाची दोन टोकं धरली. ओला गोणपाट इतका जड लागेल असं वाटलं नव्हतं.

रात्री रोजरीची प्रार्थना झाल्यावर आजी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. मी हळूच काळूचं नाव जोडलं. आजी थांबली. "जनावराला आपल्यासारखा आत्मा नसतो रे. त्याच्यासाठी नाही मागायचं." ती रागावली नव्हती, तिला तसंच शिकवलं होतं. मला मात्र घास गिळेना.

दुसऱ्या दिवशी धर्मशिक्षणाचा तास होता. आम्ही कॅथलिक मुलं एका वर्गात, बाकीची नीतिशिक्षणाला शेजारी. मी उभं राहून विचारलं, "सिस्टर, कुत्रा स्वर्गात जातो का?" वर्ग खो खो हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "मला माहीत नाही," म्हणाल्या, "आणि जे माहीत नाही ते मी सांगणार नाही." मग टेबलावरचं बायबल उघडून त्यांनी तोबितचं पुस्तक काढलं.

तोबित आंधळा झालेला. त्याचा मुलगा तोबिया निनवेहून दूर मेदी देशात, ठेवलेली चांदी आणायला निघतो. सोबत राफाएल देवदूत, पण तो देवदूत आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आणि त्यांच्याबरोबर कुत्रा निघतो. पुढे मासा येतो, लग्न होतं, सैतान पळतो, आणि या सगळ्यात कुत्र्याचं कुठे नाव नाही. थेट अकराव्या अध्यायात, घर जवळ आल्यावर, तो पुन्हा दिसतो. मागोमाग येतोय. बस, एवढंच. "त्याने काही केलं नाही," सिस्टर म्हणाल्या, "फक्त बरोबर गेला आणि बरोबर आला. तरी पवित्र शास्त्रात त्याला जागा मिळाली."

काळूनेही आयुष्यभर तेवढंच केलं होतं. त्या दिवशी मी डबा खाल्ला.

माझी बायको नगरची, प्रोटेस्टंट. तिच्या बायबलमध्ये तोबितचं पुस्तकच नाही, त्यामुळे ही गोष्ट तिला मीच सांगितली. गेल्या वर्षी आमची ब्राउनी म्हातारपणाने गेली आणि मुलीने तोच प्रश्न विचारला, तेव्हा बायकोने बायबलमधलं योनाचं पुस्तक काढलं. निनवे शहर का वाचवायचं नाही, असं देव योनाला विचारतो, तिथे पुस्तक संपतं. तिथे एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत, असं तो म्हणतो, आणि सगळ्यात शेवटी, पुष्कळ गुरंढोरंही.

"पुष्कळ म्हणजे किती?" मुलगी म्हणाली. "माणसं मोजली, मग ती का नाही मोजली?"

आम्हां दोघांनाही सुचेना. सिस्टर असत्या तर माहीत नाही म्हणाल्या असत्या. मीही तेच म्हणालो.

ब्राउनीलाही बावखलाच्या काठीच पुरलंय. आमचं बावखल अजून आहे हे नशीब, शेजारची दोन भरावाखाली गेली. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कब्रस्तानातून परतताना मुलीने दोन मेणबत्त्या खिशात घालून आणल्या. एक ब्राउनीची. दुसरी कुठे लावायची, काळूला नेमकं कुठे पुरलं होतं, हे ती मला विचारत होती. केळी आता तिथे नाहीत. मी अंदाजाने जागा दाखवली.