तुर्भ्याच्या पोटमाळ्यावरचा हातचा

गेल्या शनिवारी ठाण्याहून लोकलने तुर्भ्याला गेलो, तो मामांच्या पेढीवरचे हिशेबाचे जुने यंत्र पाहण्यासाठी. वाटेतल्या ऐरोली-घणसोलीविषयी सांगण्यासारखे काही नाही. दाणाबंदरातल्या गाळ्यात तुरीच्या पोत्यांमागचा लोखंडी जिना चढून पोटमाळ्यावर पोहोचलो, तेव्हा मामांनी किंतानात गुंडाळलेले ते यंत्र दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवले. पेढी मशीद बंदरहून इकडे आली, तेव्हा टेम्पोतून तेही आले होते. यंत्र ओड्नर पद्धतीचे, म्हणजे हँडल फिरवून चालणारे होते; कारखान्याचे नाव मात्र झिजून गेले होते.

मामांनी खिट्ट्यांवर ३४७ लावले, हँडल सहा वेळा फिरवले, उत्तराच्या खिडक्यांचा गाडा एक घर सरकवून आणखी दोन वेळा फिरवले, आणि खिडकीत २६ पटीचे उत्तर उमटले : ९०२२. भागाकारात हँडल उलटे फिरवत जायचे आणि घंटी वाजली की एक वेढा सुलटा द्यायचा.

यंत्राने बेरीज करण्यातली खरी अडचण हातच्याची. ९९९९ मध्ये एक मिळवला की सगळी चाके एकापाठोपाठ हलायला हवीत. फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कालने १६४२ मध्ये, रूआँ येथे करांचे हिशेब करणाऱ्या वडिलांच्या सोयीसाठी यंत्र करायला घेतले, तेव्हा त्याने चाकाबरोबर हळूहळू उचलली जाणारी आणि नवानंतर स्वतःच्याच वजनाने पडून शेजारच्या चाकाला एक घर ढकलणारी खटकी बसवली. युक्ती मला फार आवडते. मात्र तिच्यामुळे चाके उलटी फिरेनात आणि वजाबाकी पूरक संख्यांच्या (प्रत्येक अंक नवातून वजा करून मिळणाऱ्या) आडवाटेने करावी लागे. पुढे जर्मन गणिती लायब्निझने पायऱ्यापायऱ्यांच्या दंडगोलाने गुणाकार साधला, तरी हातचा सर्व घरांपर्यंत आपोआप पोहोचवणे त्यालाही पुरते जमले नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणाऱ्या स्वीडिश ओड्नरने १८७० च्या दशकात हव्या तेवढ्याच खुंट्या बाहेर काढणारी पातळ चाके वापरली, आणि यंत्र मेजावर मावू लागले.

मी मुद्दाम ९९९९ मध्ये १ मिळवायला सांगितला. खिडकीत चार शून्ये आली, पाचव्या घरातला एक काही उमटला नाही.

“तिथला हातचा फार वर्षांपासून अडकतो,” पावकी-दिडकीवर वाढलेले मामा शांतपणे म्हणाले, “तेवढा मी तोंडीच धरत असे.”