नताती लो, लो नताती

गोळ्यांच्या डबीला सात खण आहेत आणि प्रत्येकावर एक हिब्रू अक्षर. आलेफ म्हणजे रविवार, बेत म्हणजे सोमवार, असं करत शुक्रवारपर्यंत. हिब्रूत वारांना नावं नाहीत, पहिला दिवस, दुसरा दिवस अशी नुसती मोजदाद. नाव आहे ते एकट्या शनिवारला, शब्बात. त्या दिवशी बुधवार होता, म्हणजे दालेतचा खण. तो मी संध्याकाळी सहा वाजता माझ्या हाताने रिकामा केला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच खणाचा आहे.

मी चिपळूणची. एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला, काही वर्षं गावाकडेच नोकरी केली आणि मग इस्रायलला आले. अश्दोदला एका वयस्कर आजोबांना सांभाळते. आजोबांना इकडे ‘सबा’ म्हणतात. घरचे म्हणतात म्हणून मीही म्हणते. माझ्या कामाला ‘मेतापेलेत’ असा शब्द आहे. अंघोळ घालायची, भरवायचं, हाताला धरून गॅलरीपर्यंत न्यायचं आणि वेळच्या वेळी औषधं द्यायची. सबांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी. सकाळी माणूस लख्ख असतो. ऊन उतरलं की मात्र आपण जेवलो का, गोळी घेतली का, काही म्हणजे काही आठवत नाही.

नव्याने स्थायिक व्हायला येणाऱ्या ज्यूंसाठी सरकार ‘उल्पान’ चालवतं, तिथे त्यांना पद्धतशीर हिब्रू शिकवतात. आमच्यासारखी कामाला आलेली माणसं स्वयंपाकघरात शिकतात. मला हाताशी एक पुस्तिका मिळाली होती, तीत शब्दच शब्द: पाणी, भाकरी, डोकं, गुडघा. ते मी पाठ केले. बाकीचं सबांच्या तोंडून उचललं, आणि तिथे पहिली फजिती झाली. हिब्रूत ‘मला हवंय’ हे पुरुष ‘अनी रोत्से’ म्हणतो आणि बाई ‘अनी रोत्सा’. मी शिकले पुरुषाकडून, त्यामुळे पहिले दोन महिने भाजीवाल्यापासून बसवाल्यापर्यंत सगळ्यांशी ‘रोत्से, रोत्से’ करत फिरले. कोल्हापूरच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात तशी मी अश्दोदच्या बाजारात. कोणी टोकलं नाही, हसायचे फक्त.

पण खरं सांगायचं तर भाषा मला सोपी वाटायला लागली होती. कितीतरी गोष्टी आपल्यासारख्या. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा भेद आपल्यालाही आहेच. ‘हे माझं घर’ म्हणताना आपण ‘आहे’ गाळतो. हिब्रूत तर वर्तमानकाळात तो ‘आहे’ मुळातच नाही, ‘अनी अयेफा’ म्हणजे ‘मी दमलेली’, संपलं वाक्य. ‘येश ली बात’: आहे मला मुलगी. ‘कोएव्ह ली हा-गव’: दुखते मला पाठ. ‘कार ली’: थंड मला. शब्द इकडचे तिकडे केले की आपलं मराठीच! मला वाटलं, साचा आपलाच आहे, आत फक्त हिब्रू ओतायचं. कुठे कुठे ते चालूनही गेलं.

त्या बुधवारी सबांचा मुलगा कामावरून परस्पर आला होता. मी मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. आतून त्याने विचारलं, “नतात लो एत हा-कदूर?” त्यांना गोळी दिलीस का? मला प्रश्न पूर्ण कळला. एरवी मी ‘केन’, म्हणजे ‘हो’, एवढंच म्हणाले असते. पण त्या आठवड्यात माझं चाललं होतं की आता एकेक शब्द फेकायचा नाही, नीट वाक्यात बोलायचं. मनात मराठी आलं, ‘त्यांना दिली’. ‘त्यांना’ किंवा ‘त्याला’ म्हणजे ‘लो’. ‘दिली’ म्हणजे ‘नताती’. मी खणखणीत आवाजात म्हणाले, “लो नताती!”

आणि चादरीची घडी घालत बसले.

आता हिब्रूत ‘त्याला’ म्हणजे ‘लो’ आणि ‘नाही’ म्हणजेसुद्धा ‘लो’. उच्चारात तसूभर फरक नाही. ‘नताती लो’ म्हणजे त्याला दिली. ‘लो नताती’ म्हणजे नाही दिली.

मी आत आले तेव्हा सबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते, पाण्याचा पेला एका हातात आणि तोंड शहाण्या मुलासारखं उघडलेलं. मुलाने डबी पाहिली असणार, दालेतचा खण रिकामा पाहून गोळी कुठेतरी पडली असं धरलं असणार आणि कपाटातून नवी काढली असणार. ती त्याच्या बोटांत होती, ओठांपासून चार बोटांवर. माझ्या हातातले कपडे खाली पडले. वॉरफरिन आणि तोल जाणारा म्हातारा माणूस ही जोडी नर्सिंग शिकलेल्या बाईला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्यात दुप्पट गोळी. मी ओरडले, “लो! लो! नताती!”

म्हणजे, ‘नको! नको! दिलीय!’

त्याने मान डोलावली आणि शांतपणे म्हणाला, “बेसेदेर,” ठीक आहे. त्याच्या कानाला मी घाबऱ्याघाबऱ्या तेच पुन्हा सांगत होते, की नाही दिली, नाही दिली. आता तो देतच होता ना!

मी सरळ त्याचं मनगट धरलं. मालकाच्या मुलाचं मनगट. शब्द सगळे गळून गेले होते. डबी दाखवली, सबांच्या तोंडाकडे बोट केलं, घड्याळात सहाचा काटा दाखवला, आणि अचानक कुठून तरी ‘क्वार’ आठवला. क्वार म्हणजे आधीच, झालंय. “क्वार! क्वार!” एवढंच म्हणत राहिले. गोळी हळूहळू मागे गेली. सबा अजून तोंड उघडून बसले होते.

मुलगा रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं मला वाटलं. तो स्टुलावर बसला, माझ्याकडून दोनदा सगळं वदवून घेतलं आणि मग फ्रिजवर एक कागद चिकटवला: तारीख, वेळ, खूण. मला त्या कागदाचीच जास्त लाज वाटली. दिलेल्या औषधाची लगेच नोंद करायची, हे तर आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. घरात एकच पेशंट म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

शनिवारी सुट्टीला मी मावशींकडे गेले. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, लहानपणी रायगडातून इकडे आलेल्या. अश्दोदला त्यांच्यासारखी बरीच घरं आहेत. मराठी अजून तिकडचीच, मधेच हिब्रू. मी रडतरडत सांगितलं तर त्या आधी पोट धरून हसल्या.

“अगं, आपल्यात ‘त्याला दिली’ म्हण, ‘दिली त्याला’ म्हण, कुणाचं काही अडत नाही. ‘ला’ चिकटलेला असतो ना, तो कुठेही गेला तरी ओळखू येतो. हिब्रूत शब्द उभा कुठे राहिला ते बघायचं. क्रियापदाच्या पुढ्यात ‘लो’ आला की कानाला तो ‘नाही’च. ‘त्याला’ आपला मागून येतो.”

मग त्यांनी बायबलचं पहिलंच वाक्य म्हणून दाखवलं: “बेरेशीत बारा एलोहीम एत हा-शामायिम वे-एत हा-आरेत्स.” आरंभी निर्मिलं देवाने आकाश आणि पृथ्वी. मराठीत ‘निर्मिलं’ शेवटी जाऊन बसलं असतं, इथे ते देवाच्याही आधी. आणि आकाशाच्या आधी तो इवलासा ‘एत’: पुढे ज्याच्यावर क्रिया झाली ती ठरावीक वस्तू येतेय, अशी वर्दी देणारा. त्याला स्वतःचा अर्थ काही नाही. आपला प्रत्यय शेपटीला, त्यांचा चोपदारासारखा पुढे. “तुझ्या गोळीच्या आधी पण तोच आहे बघ, एत हा-कदूर,” मावशी म्हणाल्या. मी तो रोज ऐकत होते आणि घसा खाकरल्यासारखा सोडून देत होते.

जाताना त्यांनी कागदावर दोन्ही ‘लो’ लिहून दिले. नाहीचा ‘लो’ लामेद आणि आलेफ. त्यालाचा ‘लो’ लामेद आणि वाव. कागदावर वेगळे, तोंडात एक. बोलताना या कागदाचा उपयोग काय, ते मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सबा प्रार्थना म्हणत होते. रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत शंभरावं स्तोत्र असतं. त्यात ‘लो’ ऐकू आला आणि माझे कान टवकारले. मी विचारलं, हा कुठला लो, आलेफवाला की वाववाला? सबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक माझ्याकडे वळवून एका शब्दावर बोट ठेवलं. तिथे दोन्ही छापले होते. परंपरेने लिहायचा आलेफचा, ‘त्याने आम्हाला घडवलं, आम्ही नाही’. आणि वाचायचा वावचा, ‘त्याने आम्हाला घडवलं, आम्ही त्याचे’. जुन्या नकलाकारांनी लिहिलेलं अक्षर बदललं नाही आणि वाचायचं वेगळं तेही सोडलं नाही, शेजारी नोंदवून ठेवलं. सबांना हे समजावून सांगायला अर्धा तास लागला, मला समजायला त्याहून जास्त. गोळीची गोष्ट त्यांना आठवत असेल असं वाटत नाही, पण हसले मात्र खूप.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “नतात ली एत हा-कदूर?” मला दिलीस का गोळी?

मी फ्रिजवरचा कागद काढून आणला, खुणेवर बोट ठेवलं, रिकामा खण दाखवला, आणि मग म्हणाले, “केन.”