वेस्का ते लोआर्रे: जुन्या सरहद्दीवरून सायकलने

वेस्का हे स्पेनच्या आरागोन प्रांतातलं शांत शहर. झारागोझाहून पिरेनीजकडे जाणारे बहुतेक प्रवासी इथे न थांबता पुढे डोंगरात निघून जातात. सायकलवाल्यांनी मात्र जरूर थांबावं. गावाबाहेर पडलं की लांबच लांब मैदान लागतं, आणि उत्तरेला सतत सोबतीला डोंगररांग. वेस्का, बोलेआ, लोआर्रेचा किल्ला, आयेर्बे आणि परत वेस्का असा साधारण 75 किलोमीटरचा फेरा इथून दिवसभरात निवांत होतो. आम्ही दोघे, मी आणि कॉलेजपासूनचा मित्र, भाड्याच्या रोड बाईक घेऊन मेच्या अखेरीस निघालो.

फेरा कुठल्या बाजूने मारायचा हे इथे वारा ठरवतो. एब्रो नदीच्या खोऱ्यात वायव्येकडून थिएर्थो नावाचा कोरडा, हट्टी वारा वाहतो. आयेर्बे वेस्काच्या वायव्येलाच आहे. म्हणजे जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर. सकाळी पाय ताजे असताना त्याच्याशी भांडून घ्यावं हे बरं.

शहर सोडल्यावर एस्केदास गावापर्यंत मुख्य रस्ताच धरावा लागतो. गाड्या वेगात असतात, पण मागे येऊन थांबतात, पलीकडची लेन मोकळी झाली की पूर्ण तिकडे जाऊन पुढे जातात. सायकलस्वारापासून किमान दीड मीटर अंतर ठेवायचं असा इथे कायदाच आहे, आणि तो पाळतातही. पुणे-सातारा रस्त्यावर सायकल चालवलेल्या माणसाला पहिले काही किलोमीटर यावर विश्वास बसत नाही. मित्र तर प्रत्येक ट्रकला हात करून आभार मानत होता.

एस्केदासला उजवीकडे वळलो आणि रहदारी संपली. दोन्ही बाजूंना पिवळी पडू लागलेली जवाची शेतं, बांधावर लालभडक पॉपीची फुलं, मधूनच बदामाच्या बागा. रस्ता हळूहळू चढत जातो. डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना कळतं.

बोलेआ टेकडीवर वसलंय आणि चेरीसाठी प्रसिद्ध आहे. टेकडीच्या माथ्यावरचं सोळाव्या शतकातलं भलंमोठं चर्च गावाच्या मानाने फारच मोठं वाटतं. त्याच्या जागी आधी मुसलमानांचा किल्ला होता. ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढे जावं, कारण आपण आज ज्या किल्ल्याकडे चाललोय तो या बोलेआवर नजर ठेवायला बांधलेला होता.

अकराव्या शतकात हे सगळं मैदान, वेस्का शहरासकट, मुसलमान सत्तेखाली होतं. उत्तरेच्या डोंगरात ख्रिस्ती राजे. पाम्प्लोनाचा राजा सांचो तिसरा याने 1020 च्या सुमारास डोंगराच्या कडेवर लोआर्रे बांधायला घेतला. त्याचा नातू सांचो रामिरेस याने 1071 नंतर तिथे ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू आणून बसवले, चर्च बांधलं, किल्ला वाढवला. वेस्काच्या वेढ्यातच 1094 मध्ये तो मेला. शहर 1096 मध्ये त्याच्या मुलाने, पेद्रो पहिल्याने, घेतलं आणि बोलेआ 1101 मध्ये. बोलेआहून लोआर्रे गाव सायकलने तासाभराच्याही आत येतं. हे एवढंसं अंतर खाली उतरायला त्या राजांना तीन पिढ्या लागल्या.

आन्येस गाव मागे पडलं तरी किल्ला दिसेना. दगड डोंगराच्याच रंगाचा, त्यामुळे नुसताच कडा वाटतो. मग एका वळणावर मित्र ओरडला, "अरे, तो कडा नाही, बुरूज आहेत!" त्यानंतर मात्र नजर हटत नाही.

लोआर्रे गावातल्या नळावर बाटल्या भरल्या. बाकावर बसलेल्या आजोबांनी वर बोट दाखवून "कास्तियो?", म्हणजे किल्ल्यावर का, असं विचारलं आणि आमच्या सायकलींकडे बघून हसले. गाव साधारण 770 मीटर उंचीवर, किल्ला 1070 च्या आसपास, मध्ये पाचेक किलोमीटरचा रस्ता. कागदावर सहा टक्के म्हणजे काही नाही. पण पाइनची झाडं सुरू होईपर्यंत सावलीचा पत्ता नाही, आणि वर गिधाडं संथपणे घिरट्या घालत असतात. त्यांचं आमच्याकडे लक्ष असावं असा मित्राचा दावा होता.

आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला इथे पहिला प्रश्न पडतो: मागे पुसिलिब्रोचं 1597 मीटरचं शिखर असताना हे लोक माथा सोडून असे मध्येच का बसले? उत्तर तटावर उभं राहिलं की मिळतं. मागचा डोंगर त्यांच्याच मुलखात होता, तिकडून भीती नव्हती. समोर मात्र अख्खं मैदान, गाव न् गाव, सकाळपासून आपण आलो तो रस्तासुद्धा. इथून धुरळा उडाला तरी दिसला असेल.

खालची बुरुजांची तटबंदी नंतरची, आणि आत आलं की मोकळं कुरण आहे. खरा किल्ला कड्यावर दाटीवाटीने उभा आहे. दरवाजातून एक रुंद, अंधारा जिना वर चढतो, तो थेट चर्चच्या पोटाखालून. बाजूलाच सांता किटेरियाचं तळघरातलं प्रार्थनास्थळ. वर आलं की सान पेद्रोचं चर्च, आणि त्याचा घुमट 26 मीटर उंच. लढाऊ किल्ल्यात एवढा घुमट कशाला, असं वाटतं खरं. पण खांबांच्या माथ्यावरचं कोरीवकाम बघताना तक्रार राहत नाही. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट घालून इथे फिरू नका, दगड झिजून गुळगुळीत झालाय. आम्ही सॅकमध्ये चपला आणल्या होत्या.

किल्ला एवढा शाबूत कसा, तर त्याचं काम लवकर संपलं म्हणून. वेस्का पडलं, सरहद्द दक्षिणेकडे सरकली, धर्मगुरू वेस्काजवळच्या मोंतेआरागोनच्या मठात गेले. मग कुणाला इथे पाडून नवं बांधायची गरजच पडली नाही. पंधराव्या शतकात उरलेली वस्तीही खाली आजच्या गावात उतरली. 1906 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

त्याच वर्षी नोबेल मिळालेल्या माणसाचं बालपण खाली आयेर्बेत गेलं: सान्तियागो रामोन इ काहाल, मेंदूतल्या पेशींची अप्रतिम चित्रं काढणारा शास्त्रज्ञ. पोरगा भलताच वांड. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवलं म्हणून अकराव्या वर्षी कोठडीत जाऊन आला. आम्ही पोचलो तेव्हा दुपारची सामसूम होती, दुकानं पाचपर्यंत बंद. चौकातल्या बारमध्ये बटाट्याच्या ऑम्लेटचा बोकादियो, म्हणजे लांबट पावाचं सँडविच, खाल्ला, वर कॉफी, आणि दुकानं उघडल्यावर गावची प्रसिद्ध तोर्ता, म्हणजे गोड केक, बांधून घेतली.

मग थिएर्थोने सकाळची उधारी फेडली. प्लासेन्सिया देल मोन्तेपर्यंत तर पेडल मारायचंही निमित्तच होतं. सातच्या आत वेस्कात पोचलो. आता स्पेनमध्ये सात वाजता कुणी जेवायला घालत नाही, स्वयंपाकघरं नऊच्या सुमाराला पेटतात. सायकली परत केल्या, दुकानाबाहेरच्या पायरीवर बसलो आणि तोर्ताचं पुडकं उघडून ती संपवली. मित्र म्हणाला, "उद्या आणायला परत जायचं का?" चेष्टेत नव्हता तो.