मक्याची भाकरी

रविवार, रात्री साडेदहा

हाताचा करपट वास काही जात नाही. तीनदा साबण लावून झाला.

आज खिचडी खाली लागली. आठ किलो तांदूळ, तीन किलो मुगाची डाळ. एवढ्या पातेल्याखाली मंद आच म्हणजे नेमकी किती, ते मला अजून उमगत नाही. वास आला तशी मी झारा घेऊन धावले, तर काकू ओरडल्या, "ढवळू नकोस गं! तळाला हात लावू नको." गॅस बंद करून वरची वरची खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढली, काळा थर तसाच राहू दिला. ढवळली असती तर सगळीच गेली असती. काकूंची हयात चर्चच्या त्या स्वयंपाकघरात गेली आहे. मला जेमतेम तीन महिने झाले. त्याआधी माझा चर्चशी संबंध काय, तर कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८८७ साली इथे इंदूरला काढलेल्या ख्रिश्चन कॉलेजात बाबा शिकले, एवढाच.

पाळकसाहेबांची प्रार्थना झाली आणि पातेली ऑटोत चढवून एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर गेलो. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, कुठून कुठून लोक येतात. पेशंट आत, घरचे बाहेर फुटपाथवर. खिचडीत मिरची घालत नाही, कारण अर्धा दोना बरेचदा आत पेशंटकडे जातो.

एका बाईने दोना घेतला, दोन घास खाल्ले आणि हसत म्हणाली, "चावल से पेट नहीं भरता, बाई. मक्के की रोटी लाया करो."

मी काही बोलले नाही, पण मनात चिडले. पहाटे पाचला उठून आम्ही हे करायचं आणि वर फर्माईश! परतताना ऑटोत ते बोलूनही दाखवलं. दोन्यांचं पोतं पायाशी होतं (स्वच्छतेत २०१७ पासून पहिला नंबर मिरवणारं शहर आमचं, एक दोना मागे ठेवायची सोय नाही). काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना पोळी नसली की जेवल्यासारखं वाटायचं नाही. त्यांना कधी म्हणालीस, फर्माईश म्हणून?"

घरी येईपर्यंत गप्प होते. त्या बाईचं स्वतःचं शेतही असेल, घरी कोठीत मका भरलेला असेल. तिला जेवायला घालणारी मी कोण, ती तर नवऱ्याच्या ऑपरेशनपायी इथे अडकली आहे.

संध्याकाळी काकूंनी अकरा घरी फोन फिरवले. पुढच्या रविवारी प्रत्येकीने दहा भाकऱ्या आणायच्या. खिचडी आहेच, भाकरी जोडीला. मीही हो म्हणून बसले.

आता पंचाईत अशी, की मला ज्वारीची येते, मक्याची नाही. चक्कीवरून किलोभर पीठ आणलं. गार पाण्यात मळलं, तर थापताना कडेला भेगाच भेगा. काकूंना फोन केला. म्हणाल्या, उकळतं पाणी घाल, झाकून ठेव, मग गरम असतानाच मळ, हात भाजला तरी चालेल. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. तिसरी अख्खी उतरली, पण जाड. हे बराच वेळ दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ही एकच खाल्ली तरी माणूस संध्याकाळपर्यंत उठायचा नाही."

चौथीचं पीठ झाकून ठेवलंय.