तुम्ही विचारलंत म्हणून : बिबड्यांची कृती सगळ्यांना का शिकवता?

"बिबड्यांवर तुमचं घर चालतं, मग येईल त्या बाईला कृती शिकवता कशाला? उद्या तीच तुमचं गिऱ्हाईक नेईल." हे मला अमळनेरच्या आमच्या गल्लीतही विचारतात आणि सुरतहून ऑर्डर देणाऱ्या ताईही विचारतात. विचारणाऱ्यांना माझी काळजी असते, म्हणून एकदा नीट सांगते.

आधी बिबडं, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, होतं कसं ते बघा. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती कांडायची, कोंडा पाखडून काढायचा. मग तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. ती दळून आणायची आणि उकळत्या पाण्यात मीठ, मिरची, लसूण, जिरं, तीळ घालून तिचा घाटा, म्हणजे घट्ट लापशी, शिजवायचा. इथवर एकटी बाई करू शकते. पुढचं तिच्या हातचं नाही. घाटा गरम असतानाच ओल्या कापडावर पातळ थापावा लागतो. गार झाला की पसरत नाही, कडेला चिरतो. एकीने पातेलं सांभाळायचं, दुसरीने गोळे काढून द्यायचे, बाकीच्यांनी पाण्याचा हात घेऊन भराभर थापायचं, आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. पोरं तोवर वाटीत घाटा आणि वर तेल घेऊन जिन्यात बसलेली असतात. आमच्या खान्देशात ही वाळवणं म्हणूनच कधी एकीची नव्हती. आज मनाकडे, सकाय तुनाकडे, म्हणजे आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. घरच्या डब्यांसाठी जी रीत होती तीच मी धंद्यात ठेवली. कृती लपवली असती, तर थापायला कोण आलं असतं?

माझी बरीचशी ऑर्डर सुरतेची. तापी लाइनच्या गाडीने आमच्याकडची किती घरं तिकडे पोटापाण्याला गेली, सांगायला नको. त्यांना खिचडीबरोबर बिबडंच लागतं. त्यातला एखादा दुकानदार मोठी मागणी घेऊन आला की ती एका गच्चीवर मावत नाही. मग माझ्याकडे शिकून वेगळं काम सुरू केलेल्या बायकांना मी निम्मी ऑर्डर देते. एका वर्षी अवकाळी पावसात माझी कापडं थापलेल्या बिबड्यांसकट भिजली. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख जवळ आली होती. तेव्हा त्यांच्यातल्याच एकीने आपल्या डब्यांतला वाळलेला माल काढून दिला. पैसे तिने पुरते घेतले आणि ते योग्यच होतं. पण त्या दिवशी गावात दुसऱ्या कुणाला बिबडे येतच नसते, तर पैसे मोजूनही मला ते मिळाले नसते.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. तिथली फड पद्धत, म्हणजे नदीचं पाणी मिळून शेतीला वापरायची रीत, तीन-चारशे वर्षांची समजली जाते. नदीवर बंधारा, त्याखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे भाग, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी देणारा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या सगळ्यांचा मिळून. पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते, त्यामुळे तूट एकाच्याच पदरात पडत नाही, सगळे थोडी थोडी सोसतात. मागणी मंदावते त्या वर्षी आम्हीही तेच करतो. आहे ती ऑर्डर वाटून घेतो, कुणाचीच चूल पूर्ण बंद ठेवत नाही. जी बाई एक हंगाम रिकामी बसते ती पुढच्या हंगामाला दुसऱ्या कामाला लागलेली असते, आणि तिच्या हाताचं वळण मला परत मिळत नाही.

याला कुणी दानधर्म म्हणू नये. दोन गोष्टींत मी अजिबात सैल नाही. एक, भाव. नवी बाई शिकली की पहिल्यांदा भाव पाडून गिऱ्हाईक ओढू बघते. ती शेजारणींच्या मजुरीत हात घालते आहे, एवढं मी तिला तोंडावर सांगते. ज्वारी, मसाला, जळण आणि बसलेल्या प्रत्येकीची मजुरी कागदावर मांडायला लावते. बहुतेक जणींना आपण तोट्यात विकतो आहोत हे तिथेच कळतं. दुसरी गोष्ट, वाळवण. दमट राहिलेला माल कितीही जिव्हाळ्याच्या बाईचा असो, माझ्या पिशवीत जात नाही. असं बिबडं तेलात फुलत नाही, डब्यात त्याला बुरशी येते, आणि सुरतेचं गिऱ्हाईक 'अमळनेरचा माल खराब' एवढंच लक्षात ठेवतं. ते नाव आम्हा सगळ्यांचं आहे.

तेव्हा गिऱ्हाईक गेलं का? काही गेली. जवळच्या बाईकडे घेतात, हिशेबाने तेच बरोबर. माझ्याकडे नागलीचे (नाचणीचे) पापड मागायला येणाऱ्यांना मीही दोन घरं पलीकडे पाठवते, कारण तिचे माझ्यापेक्षा चांगले होतात. तीही तिच्याकडे बिबडे विचारणाऱ्यांना माझं दार दाखवते.

शिकायचं असेल तर चैत्रात या, पहाटे. ज्वारी तीन दिवस आधी भिजवलेली असते, म्हणून यायच्या आधी तेवढं कळवा.