नाताळच्या आधीच्या चोवीस चिठ्ठ्या

एक जानेवारीचा संकल्प संक्रांतीच्या तिळगुळापर्यंतही टिकत नाही, हे घरोघरी माहीत आहे. त्यापेक्षा डिसेंबरचे पहिले चोवीस दिवस कितीतरी सोयीचे. सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, आणि शेवटी सण. नागपूरच्या सदर, मोहननगर भागातल्या ख्रिस्ती घरांत हा काळ मुळातच तयारीचा असतो. नाताळाआधीचे चार रविवार धरून आगमनकाळ येतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कुठेही पडतो. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते, बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. हॅम्बुर्गमध्ये गरीब मुलांचा सांभाळ करणाऱ्या योहान विखर्न यांनी १८३९ मध्ये मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. पुढे जर्मनीतच चोवीस खिडक्यांची छापील दिनदर्शिका आली. रोज एक खिडकी उघडायची, आत बहुतेकदा चॉकलेट.

खिडकीत चॉकलेटऐवजी त्या दिवसाचं एक छोटं काम ठेवलं की झाला रोजचा चॅलेंज. कोणत्याही धर्माच्या घरात हे चालतं. गंमत म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवारही बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात, त्यामुळे 'या महिन्यात काहीतरी नेमाने करायचं' ही सवय मराठी घराला नवी नाही.

बिघडतं ते चिठ्ठी लिहिताना. 'व्यायाम करा', 'सकारात्मक राहा', 'मोबाइल कमी वापरा' असं लिहिलेली चिठ्ठी उघडली की माणूस मान डोलावतो आणि आपल्या नेहमीच्या कामाला लागतो. रात्री झालं की नाही, हे सांगताच येत नाही. चिठ्ठीत कधी, कुठे आणि किती हे तिन्ही हवं. 'सकाळचा चहा झाला की गच्चीवर दहा मिनिटं चालायचं' ही चिठ्ठी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा वाक्यांवर बरंच संशोधन केलं आहे, आणि नुसत्या इच्छेपेक्षा अशी बांधलेली वाक्यं जास्त पार पडतात हे त्यातून दिसलं. म्हणून प्रत्येक चिठ्ठीत 'झालं की' हे दोन शब्द येतात का बघा. दुसरी अट वेळेची. पंधरा मिनिटांच्या वर हात अडकेल असं काम एका चिठ्ठीत घालायचं नाही. 'कपाट आवरा' हे काम तीन तासांचं आहे. 'कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा' हे पंधरा मिनिटांचं.

चिठ्ठ्या एका ए-फोर कागदात होतात. रुंदीचे चार आणि लांबीचे सहा भाग पाडले की चोवीस तुकडे, प्रत्येक साधारण पाच सेंटिमीटर चौकोनी. दोनदा घडी घातली की रिकाम्या काडेपेटीत आरामात बसतो. चोवीस काडेपेट्या जमवायला महिनाभर लागतो, म्हणून दिवाळीपासूनच बाजूला टाकत जा. सहाच्या चार ओळी रचून फेव्हिकॉलने चिकटवा. दोन चुका हमखास होतात. गोंद कडेला लागला तर तो आत उतरतो आणि खण जाम होतो, म्हणून कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून मधोमध लावा. मागची बाजू उघडी राहिली तर पुढून ढकलताना खण मागून बाहेर पडतो. त्यासाठी पाठीला जाड पुठ्ठा लावा. खण ओढायला पुढे एक मणी किंवा कागदाची पट्टी. एवढा खटाटोप नको असेल तर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे घ्या, तेवढंही पुरतं. पण हे सगळं फ्रिजवर किंवा देवघराजवळ, जिथे रोज नजर जाते तिथेच हवं. खोलीच्या दाराआड टांगलेल्या चिठ्ठ्या चौथ्या दिवसापासून तशाच राहतात.

आता नागपूरचा डिसेंबर. इंटरनेटवरची तयार यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. पहाटे पाचला उठून फिरायला जायचं, हे तिच्यात हमखास असतं. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि पारा बऱ्याचदा दहा-बारा अंशांवर असतो. पाचला बाहेर मिट्ट काळोख आणि कडाक्याची थंडी. पहिल्या दिवशी उत्साहाने उठणारा तिसऱ्या दिवशी रजई सोडत नाही, आणि त्या एका चिठ्ठीमुळे पुढच्या वीसही जातात. फिरणं सात वाजता ठेवा, किंवा दुपारच्या जेवणानंतर उन्हात. दहा मिनिटं झपझप चाललं की जवळपास एक किलोमीटर होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस तीस मिनिटं. पण पहिल्या आठवड्यात दहानेच सुरुवात करा. फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स असं ठिकाण मनात असेल तर तिथवर पोचायचा वेळही मोजा. गाडी काढून वीस मिनिटं जाणार असतील तर घरासमोरची गल्लीच बरी.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक याच महिन्यात असतं. मोर्चे असले की सिव्हिल लाइन्स आणि बर्डीच्या आजूबाजूचे रस्ते वळवतात, संध्याकाळी घरी पोचायला उशीर होतो. त्या दिवसांच्या चिठ्ठ्या सकाळच्या ठेवा. लग्नसराई धनुर्मास लागेपर्यंत, म्हणजे साधारण १६ तारखेपर्यंत जोरात असते. 'आठवडाभर गोड बंद' ही चिठ्ठी त्याआधी घातली तर ती पंगतीतच मोडणार. त्याऐवजी 'ताटात पहिल्यांदा कोशिंबीर वाढून घ्यायची' असं लिहा, ते लग्नातही जमतं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी नागपुरात दुसरी कुठली चिठ्ठी घालावी असं वाटतच नाही. दीक्षाभूमीवर जाणं, किंवा त्यांच्या लेखनाची दहा पानं शांतपणे वाचणं.

चोवीस दिवस चोवीस वेगळी कामं, हेही बरं नाही. रोज नवं काहीतरी असलं की कशाचीच घडी बसत नाही. सहा-सहा दिवसांचे चार गट करा आणि प्रत्येक गटात एकच विषय थोडा थोडा वाढवत न्या.

पहिला गट झोपेचा आणि चालण्याचा. झोपेची वेळ एकदम तासाने अलीकडे ओढता येत नाही, पडून फक्त कूस बदलत राहाल. दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. सहा दिवसांत पाऊण तास मिळतो. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावायची चिठ्ठी सगळे लिहितात आणि ती दुसऱ्याच रात्री मोडते, कारण गजर मोबाइलमध्येच असतो. आधीच्या आठवड्यात एक साधं गजराचं घड्याळ आणून ठेवलं की ती टिकते.

दुसरा गट पैशांचा आणि कागदपत्रांचा. यात एकेक काम एका दिवसात संपतं. यूपीआय अ‍ॅपमधली ऑटोपेची यादी उघडून जे वापरात नाही ते बंद करणं. बँक खातं, पीएफ, विमा यांवर नॉमिनी कोण आहे ते पाहणं. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर पुष्कळदा अजून आई-वडिलांचंच नाव असतं. घरातल्या दुसऱ्या माणसाला विम्याची पॉलिसी कुठल्या कपाटात आहे ते प्रत्यक्ष दाखवणं. या चिठ्ठ्या कंटाळवाण्या आहेत खऱ्या, पण वर्षभर सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो.

तिसरा गट हातांनी काही शिकण्याचा, आणि इथे संत्र्याला पर्याय नाही. आंबिया बहाराची संत्री या दिवसांत बाजारात असतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने सहज निघते, म्हणून सालीच्या पाकवलेल्या पट्ट्या करायला ती उत्तम. हे काम मुद्दाम तीन चिठ्ठ्यांत वाटायचं. पहिल्या दिवशी चार संत्री कोमट पाण्यात घासून धुवा, साल काढा, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. मग ताज्या पाण्यात दहा मिनिटं उकळून पाणी फेका, असं तीनदा. कडवटपणा त्या पाण्यातच जातो. एकदाच उकळून समाधान मानलं तर पट्ट्या कडू लागतात आणि दोष संत्र्याला जातो. पट्ट्या झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी उकळून त्यात त्या टाका आणि अगदी मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं ठेवा, पट्ट्या काचेसारख्या पारदर्शक दिसेपर्यंत. सारखं ढवळू नका, साखरेचे खडे धरतात. आच मोठी झाली तर पाक आटतो आणि पट्ट्या चिवट होतात. जाळीवर काढून रात्रभर वाळू द्या. तिसऱ्या दिवशी साखरेत घोळवून बरणीत भरा. केकमध्ये घालता येतात, कुणाला द्यायलाही छान. तीन चिठ्ठ्यांत वाटायचं कारण वेगळंच आहे: काल अर्धवट ठेवलेलं काम आज न कुरकुरता पुन्हा हातात घेणं, ही सवय आपल्यापैकी बहुतेकांना लावून घ्यावी लागते. उरलेले तीन दिवस वाचनाचे, रोज दहा पानं, रात्रीचं जेवण झालं की.

चौथा गट माणसांचा, १९ ते २४. हा सर्वांत अवघड, म्हणूनच शेवटी. शाळेतल्या एखाद्या बाईंना किंवा सरांना पत्र, आणि ते १९ तारखेलाच टाकायचं, म्हणजे नाताळच्या गर्दीतही पोचेल. आजीला किंवा मामीला फोन करून तिचा एखादा पदार्थ मापासकट लिहून घेणं. 'अंदाजाने घालते गं' असं उत्तर आलं तर 'तुझ्या वाटीने किती?' असं विचारायचं. ज्याच्याशी बोलणं थांबलं आहे त्याला निरोप पाठवायची चिठ्ठीही इथे येते, पण तीत 'माफी माग' असं लिहू नका. 'कसा आहेस, एवढंच विचार' असं लिहा. ते जमतं.

चोवीसपैकी तीन खण कोरे ठेवा, दर आठवड्याला एक. त्या जागी गटातलं एक काम कमी करा. कोरी चिठ्ठी म्हणजे राहिलेलं काम करायचा दिवस. हे केलं नाही तर एक दिवस चुकल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी दोन चिठ्ठ्या करायला जातो, तिसऱ्या दिवशी तीन, आणि मग सगळंच सोडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील तर कुणाला २५४, मधला आकडा ६६, असं त्यांचं गणित आलं. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही, हेही दिसलं. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सांगतात, त्यावर विसंबू नका. चोवीस तारखेला काहीच पक्कं झालेलं नसतं.

म्हणून चोवीसच्या रात्री सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा आणि एकच निवडा, जी करताना सर्वांत कमी ओढाताण झाली. ती पुन्हा काडेपेटीत घाला आणि पेटी चहाच्या डब्याशेजारी ठेवा. ६६ दिवस १ डिसेंबरपासून मोजले तर ४ फेब्रुवारी येतो. ती तारीख चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.