सही करू का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर लेटरच्या एका पानाचा वाकडा फोटो येतो. खाली प्रश्न: ‘आर्बिट्रेशन लिहिलंय, सही करू का?’

आर्बिट्रेशन म्हणजे लवाद: तंटा कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे नेणं. त्या पंचालाही लवादच म्हणतात. एका पानावरून काय सांगणार? ‘कंपनीची धोरणं वेळोवेळी बदलतील आणि ती तुम्हांला लागू राहतील’ अशी ओळ असेल तर ती धोरणं आधी मागून घ्या. लवादाचं कलम पुष्कळदा तिथेच दडलेलं असतं.

पूर्वी मीही ठोकून सांगत असे, लवाद दिसला की सही नको. आता नाही सांगत. गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा कायद्याने ‘कामगार’ असतो. पगाराच्या तंट्याला त्याला पणजीचं कामगार आयुक्तालय उघडंच असतं. असे तंटे खासगी लवादाकडे जात नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्येच म्हटलंय. पत्रात ‘ऑफिसर’ छापलं तरी काम काय करता तेच पाहतात. आणि लवादाचं कलम काढून घेतलंत तरी तंटा गोव्याबाहेर न्यायला ‘फक्त मुंबईची न्यायालयं’ ही एक ओळ पुरते. नोकरीच्या करारातली अशी ओळ सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ग्राह्य धरली.

मार बसतो तो मॅनेजर मंडळींना, ती ‘कामगार’ नसतात म्हणून. हिशेब करा. नोकरी पणजीत, लवादाची ‘सीट’, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याचं ठिकाण, दिल्ली. राजीनामा दिलात, कंपनीने दीड लाखाचं फायनल सेटलमेंट अडवलं. पणजीच्या दिवाणी कोर्टात गेलात की कंपनी लवाद कायद्याच्या कलम 8 चा अर्ज टाकते, हा तंटा लवादाकडे पाठवा म्हणून. दावा तिथेच खुंटतो. मग तुम्ही लवाद सुरू करायची कलम 21 ची नोटीस पाठवायची. कंपनी गप्प. 30 दिवस थांबून लवाद नेमायचा अर्ज, तो दिल्ली उच्च न्यायालयात. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला लवादाची फी 45,000, लवाद एकटाच असेल तर 25 टक्के जास्त, म्हणजे 56,250. अर्धी तुमची धरा: 28,125. वकील वेगळा. निवाडा विरोधात गेला तर आव्हान पुन्हा दिल्लीतच, तीन महिन्यांच्या आत. दीड लाखासाठी इतकं कोण करतो? हे कंपनीला पक्कं ठाऊक असतं.

एचआर म्हणेल, सुनावणी ऑनलाइन होते. होतेही. पण सुनावणीची जागा म्हणजे ‘व्हेन्यू’. कोर्ट कुठलं, ते सीट ठरवते.

‘एकमेव लवाद कंपनीच नेमेल’ याला मात्र तुम्ही उगाच घाबरता. 2019 पासून अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही. फक्त तंटा उभा राहिल्यावर ‘या लवादाला माझी हरकत नाही’ असं लिहून देऊ नका. ते दिलंत की हा बचाव गेला.

आणि ‘बाँड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायची अट) बेकायदेशीरच असतो’ हेही सोडा. तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख, ही एका सरकारी बँकेची अट मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली.

तर सही? घराचे हप्ते चालू असतील तर कराल, मी अडवणारा कोण? पण आधी एचआरला मेल टाका: ‘सीट पणजी करावी.’ बहुधा ‘फॉरमॅट बदलत नाही’ असंच उत्तर येईल, क्वचित बदलतातही. ते उत्तर आणि पत्राची सगळी पानं स्वतःच्या जीमेलवर ठेवा. ऑफिसचा मेल राजीनाम्याच्या दिवशीच बंद होऊ शकतो.